चाक वर जात नाही, की वर राहत नाही?

'हायड्रॉलिक बिघडलंय.' घरी बांधलेल्या छोट्या विमानाची चाकं नीट दुमडेनाशी झाली, की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं. हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा. या वाक्यावर विसंबून पाना हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. चाक वर जातच नसेल तर दोष बहुधा विजेत असतो. वर जाऊन तिथे राहत नसेल तर तो तेलात असतो. आणि खाली येऊनही, चाक लॉक झाल्याची खूण देणारा हिरवा दिवा लागत नसेल, तर तेल आणि मोटर दोन्ही निर्दोष असण्याची शक्यता मोठी. तिथे लोखंडी सांध्यांकडे आणि एका छोट्या स्विचकडे बघायचं. ही वाटणी अगदी काटेकोर नाही, पण सुरुवात कुठून करायची ते तिच्यावरून ठरतं. उगाच उघडलेला प्रत्येक पाइप आत थोडी हवा आणि थोडी धूळ सोडून जातो, आणि मग मूळ दोषाच्या जोडीला नवा दोष शोधावा लागतो.

मी वास्कोत जहाजांच्या हायड्रॉलिक यंत्रणांवर काम करते : हॅचची झाकणं, क्रेन, सुकाणू. विमानांकडे वळले ती मावसभावामुळे. तो मूळचा फोंड्याचा, आता अमेरिकेत ओरेगन राज्यात असतो. घरी विमान बांधण्याची हौस तिथे चांगली रुळलेली आहे. लँकेअर, ग्लासेअर अशी चाकं पोटात घेणारी विमानं लोकांनी किट मागवून स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधली आहेत. आपल्याकडे हा विषय निघाला की कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात, आणि त्यांच्यानंतर पटकन दुसरं नाव सुचत नाही. भावाने असं एक बांधून झालेलं विमान विकत घेतलं. तिथला नियम असा, की विमान ज्याने बांधलं त्याला त्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, विकत घेणाऱ्याला मिळत नाही. माझा भाऊ ती परवानाधारक मेकॅनिककडून करून घेतो. एरवीची देखभाल मात्र मालक स्वतः करू शकतो. म्हणून भाऊ हँगरमधून व्हिडिओ कॉल लावतो आणि म्हणतो, "ताई, जरा पंपाचा आवाज ऐक."

आवाज ऐकण्याआधी यंत्रणा समजून घेऊ. एक विजेची मोटर, तिला जोडलेला दातेरी चाकांचा पंप आणि तेलाची टाकी, या तिघांचा मिळून एक ठोकळा असतो. त्याला पॉवर पॅक म्हणतात. मोटर एका दिशेने फिरली की तेल चाकं उचलणाऱ्या नळीत जातं, उलटी फिरली की चाकं खाली सोडणाऱ्या नळीत. प्रत्येक चाकाला एक सिलिंडर. पिस्टनच्या एका अंगाला तेल ढकललं की दांडा आत जातो, दुसऱ्या अंगाला ढकललं की बाहेर येतो. दाब ठरलेल्या आकड्याला पोहोचला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की पुन्हा सुरू करतो. सेसना १७२ आरजी या कारखान्यात बनलेल्या विमानात हे आकडे १,५०० आणि १,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड दाब) आहेत. घरी बांधलेल्या विमानाचे आकडे त्याच्या स्वतःच्या नकाशांत असतात, आणि तेच प्रमाण मानायचे.

पुष्कळ छोट्या विमानांत चाकं वर टिकतात ती हुकाला अडकून नव्हे, तर नळीत कोंडलेल्या तेलाच्या दाबावर. १९६७ साली आलेल्या पायपर ॲरोची रचनाही अशीच आहे. दाब गेला तर चाकं आपल्या वजनाने खाली येतात, म्हणजे यंत्रणा फसलीच तर ती उतरण्याच्या सोयीने फसते. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

जोर किती असतो? पिस्टनचा व्यास २५ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ जवळजवळ ५ चौरस सेंटिमीटर. ७० बार, म्हणजे सुमारे १,००० पीएसआय दाबाला त्यावर साडेतीनशे किलोचा जोर येतो. दांड्याच्या अंगाला दांड्याची जागा वजा होते. दांडा १२ मिलिमीटरचा असेल तर तोच जोर २७० किलोच्या आसपास उतरतो. याच कारणाने दांडा आत असताना सिलिंडरमध्ये तेल कमी मावतं आणि उरलेलं टाकीत येतं. म्हणजे टाकीतली पातळी चाकांच्या स्थितीप्रमाणे बदलते. ती कोणत्या स्थितीत बघायची हे न पाहता 'कमी दिसतंय' म्हणून तेल ओतलं, की चाकं हलल्यावर ते टाकीच्या व्हेंटमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, ओघळतं, आणि मालक नसलेली गळती शोधत बसतो.

तेलाबद्दल इथेच सांगते. छोट्या विमानांत सहसा ५६०६ या क्रमांकाचं लाल खनिज तेल असतं, किंवा त्याच्याशी जुळणारं नवं तेल. त्यासोबतची, तेल अडवणारी सीलं नायट्राइल रबराची. गाड्यांच्या दुकानात मिळणारं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं आहे, त्यात ही सीलं खराब होतात. मोठ्या प्रवासी विमानांतलं जांभळं स्कायड्रॉलही इथे चालत नाही. आणि निव्वळ लाल रंगावर विश्वास ठेवू नका, कारण ऑटोमॅटिक गाड्यांचं गियर ऑइलही लालच असतं. डब्यावरचा क्रमांक वाचायचा.

आता पहिली तक्रार : चाक वर जात नाही. विमान जॅकवर नीट बसवलेलं आहे, शेपूट वजनाने बांधलेलं आहे, चाकांच्या वाटेत कुणी नाही. लिव्हर वर केला. पंपाचा आवाज आला का? अजिबात आला नाही, तर तेलाच्या नळीला हात लावायचं कारणच नाही. ब्रेकर उडालाय का, बॅटरीत दम आहे का, मोटरला वीज सोडणारा रिले टक् असा वाजतो का, एवढं आधी बघा. मग सुरक्षेच्या स्विचकडे. विमान जमिनीवर उभं असताना कुणाचा हात चुकून लिव्हरला लागला तरी चाकं दुमडू नयेत, म्हणून चाकाच्या पायात एक स्विच असतो. काही घरी बांधलेल्या विमानांत त्याऐवजी वाऱ्याचा वेग ओळखणारा स्विच बसवतात, आणि तो पिटो नळीतल्या, म्हणजे समोरचा वारा घेणाऱ्या नळीतल्या, दाबावर चालतो. जॅकवर वारा कुठून येणार? त्यामुळे पंप चालू होत नाही आणि माणूस रिले बदलतो. अशा वेळी सिरिंजला रबरी नळी लावून पिटोत अगदी हळू हवा दाबतात. तोंडाने जोरात फुंकलं तर वेगमापक कायमचा बिघडू शकतो. उलट, हवेत असतानाही पंप सुरू होत नसेल आणि सोबत वेगही कमी दिसत असेल, तर पिटो नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असू शकतं. गोव्यात उघड्या नळीला ही माशी किती लवकर गाठते, हे कुठल्याही घरातली विजेच्या बोर्डाची भोकं सांगतील.

आवाज येतो पण रडका, दमलेला येतो, तर मल्टिमीटर घ्या. पंप चालू असताना एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरं मोटरच्या धन टर्मिनलला लावा. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर मधला एखादा सांधा वीज खातोय. तीच मोजणी ऋण बाजूला करा, आणि ही दुसरी मोजणी कधी चुकवू नका. यातली बरीच विमानं काचतंतूंची (फायबरग्लासची) असतात. धातूच्या विमानात अख्खा सांगाडा परतीची वाट देतो. काचतंतूंच्या विमानात मोटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड वायर ओढावी लागते, आणि तिच्या टोकाच्या लगवर, म्हणजे बोल्टला जोडायच्या कडीवर, बुरशीसारखा हिरवा थर चढला की डझनावारी अँपिअर मागणारी मोटर तिथेच अडते. समुद्राकाठी हा थर चढायला वेळ लागत नाही. मुरगाव बंदरात मी बघते, एका पावसाळ्यात उघडी तांब्याची लग ओळखू येईनाशी होते. मावसभावाचं विमान समुद्रापासून दूर असतं, तरी आधीचा मालक किनाऱ्यावर राहणारा होता, त्यामुळे सगळ्यात आधी सगळ्या लग उघडून पुसायला सांगितल्या.

पंप ठणठणीत चालतो पण चाक हलत नाही, असं असेल तर आणीबाणीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते पाहा. हा व्हॉल्व्ह वरच्या आणि खालच्या नळीला एकमेकींशी जोडून देतो, म्हणजे दाब मोकळा होऊन चाकं पडतात. तो जरासा उघडा राहिला तरी पंप तेल नुसतं गोल फिरवत राहतो. त्यानंतर टाकीची पातळी, आणि त्यानंतर हवा. हवा काढणं सोपं आहे : जॅकवर चाकं अनेकदा वर-खाली करायची, मध्ये मध्ये फेस बसू द्यायचा, पातळी राखायची. मोटर सलग चालण्यासाठी बनवलेली नसते, तिला गार व्हायला वेळ द्या.

दुसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण हिच्यात लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. चाकं वर गेली, पंप थांबला, आणि काही मिनिटांनी तो आपणहून अर्धा सेकंद घुर्र करून पुन्हा थांबला. परत काही मिनिटांनी तेच. दाब उतरतोय हे उघड आहे. पण जमिनीवर तेलाचा थेंब दिसत नाही, आणि माणूस गोंधळतो.

हिशेब करून बघा. तेल जवळजवळ दबतच नाही. नळ्यांत आणि सिलिंडरांत मिळून १०० मिलिलिटर तेल कोंडलेलं असेल, तर दाब ३० बारने उतरायला त्यातलं ०.२ मिलिलिटर निसटलं तरी पुरतं. म्हणजे चार थेंब. रबरी होज थोडे फुगतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा वाढतो, पण हिशेब थेंबांचाच राहतो. आणि हे थेंब बाहेर पडायलाच हवेत असंही नाही. पिस्टनच्या ओ-रिंगवरून, म्हणजे गोल रबरी सीलवरून, पलीकडच्या अंगाला गेले, आणीबाणीच्या व्हॉल्व्हमधून टाकीत परतले, पॉवर पॅकमधल्या, तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकून मागे गेले, तरी दाब तेवढाच उतरतो.

गळती शोधायच्या आधी एक प्रश्न विचारायचा : पंप नेमका कधी वाजतो? विमान उन्हात तापलेल्या धावपट्टीवरून उडालं, चाकं वर घेतली, आणि ते ८,००० फुटांवर चढलं. दर हजार फुटांना हवा साधारण २ अंशांनी गार होते, म्हणजे १६ अंशांचा फरक पडला. कडक नळीत पूर्ण कोंडलेल्या तेलाचा दाब एका अंशाच्या फरकानेही १० बारच्या आसपास बदलू शकतो. चढताना तेल आकसतं, दाब उतरतो, पंप वाजतो. यात बिघाड काहीच नाही. चढताना वाजला आणि सपाट उडताना गप्प बसला, तर तापमान. सपाट उडतानाही ठरावीक अंतराने वाजत राहिला, तर गळती. आणि ते अंतर दर उड्डाणाला कमी होत गेलं, तर पुढचं उड्डाण थांबवा. हाच परिणाम उलटाही होतो : मे महिन्यात दाबोळीसारख्या उघड्या जागी भर दुपारी विमान उभं राहिलं की कोंडलेलं तेल प्रसरण पावतं, आणि जादा दाब सोडणारा थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह चालत नसेल तर सीलं तो सोसतात. नायट्रोजन भरलेला छोटा ॲक्युम्युलेटर, म्हणजे दाब साठवणारी बाटली, बसवला की हे चढउतार पचतात. मला तो आवडतो, पण गळती शोधून झाल्यावर. आधी बसवला तर तो खरी गळतीही झाकून टाकतो.

गळती आहे हे नक्की झालं, की जॅकवर चाकं वर घेऊन वीज बंद करा आणि थांबा. थोड्या वेळाने एक पाय खाली लोंबकळू लागतो. 'याच पायाचं सील गेलं!' असं म्हणायचा मोह होतो. थांबा. तिन्ही सिलिंडर एकाच नळीवर आहेत. गळती कुठेही असली तरी दाब तिघांचाही उतरतो, आणि ज्या पायाला सर्वांत जास्त जोर लागतो तो आधी झुकतो. पहिला झुकणारा पाय फक्त जड असतो, त्यावरून तो दोषी ठरत नाही.

खरी पद्धत शोधाची जागा अर्धी-अर्धी करत जाण्याची. दाब मोकळा करून पॉवर पॅकच्या तोंडावरच दोन्ही नळ्या काढा, तोंडांना योग्य टोप्या लावा आणि पंप चालवा. तरीही दाब उतरला तर दोष पॉवर पॅकमध्येच आहे, आणि पंखांतले सिलिंडर खोलायचे कष्ट वाचले. दाब टिकला तर दोष पुढे आहे. मग नळ्या परत जोडून एकेक सिलिंडर बाजूला काढत जायचं. सिलिंडरची परीक्षाही सोपी आहे : उचलणाऱ्या बाजूला दाब ठेवा आणि दुसऱ्या बाजूची नळी सिलिंडरपाशी सोडा. सुरुवातीला थोडं तेल येईल. ते येतच राहिलं तर पिस्टनचं सील गेलेलं आहे. टोप्या आणि जोड घेताना एक काळजी : विमानाच्या फिटिंगचा कोन ३७ अंशांचा असतो, गाड्यांच्या दुकानातल्या बऱ्याच फिटिंगचा ४५. आटे बसतात, पण तोंड बसत नाही, आणि आपणच नवी गळती तयार करतो.

सील बदललं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा गेलं, तर दांडा नखाने चाचपा. क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढा गंजाचा खड्डा असला तरी तो प्रत्येक फेरीत नवं रबर कापतो. तो दांडा बदलावा किंवा नव्याने क्रोम करून घ्यावा. सीलं बदलत बसण्यात अर्थ नाही. खाऱ्या हवेत राहिलेल्या विमानात मी ओ-रिंगच्या आधी दांडाच बघेन.

पंप थांबतच नसेल, तर त्याची कारणं थोडी आहेत : तेल कमी, प्रेशर स्विचचे काटे चिकटलेले, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह स्विचच्या आकड्याच्या खालीच उघडतोय, त्यामुळे स्विचला हवा तो दाब कधी मिळतच नाही. दाब दाखवणारा गेज लावल्याशिवाय यातलं काहीही फिरवू नका.

तिसरी तक्रार, हिरवा दिवा. खाली आलेलं चाक बहुतेक विमानांत तेलाच्या दाबावर उभं नसतं. दोन दुव्यांचा एक सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन अडकतो. आपण गुडघा ताठ करून जरासा मागे दाबून उभे राहिलो की स्नायू न ताणता वजन पेलतं, तसंच. गुडघा केसभर पुढे असेल तर तोच पाय दुमडतो. सांध्याने ती रेषा ओलांडली की तिथला मायक्रोस्विच दाबला जातो आणि दिवा लागतो. दिवा लॉक बघत नाही, तो फक्त स्विच बघतो.

म्हणून दिवा लागत नसेल तर आधी बल्ब दुसऱ्या जागी लावून पाहा. पायपर ॲरोत पॅनेलचे दिवे चालू असले की हिरवे दिवे मंद होतात आणि भर दिवसा विझल्यासारखे दिसतात. पुष्कळ वैमानिक त्याने घाबरले आहेत. बल्ब ठीक असेल तर जॅकवर सांधा हाताने तपासा : तो नकाशात दिलेल्या मापाएवढा पलीकडे जातो का? बोल्ट सैल झाला, बुश झिजलं, ग्रीस वाळून दगड झालं, तर सांधा रेषेपाशी येऊन थबकतो. आधी तो दुरुस्त करायचा, मग स्विच. लॉक न तपासता नुसता स्विच सरकवून दिवा लावणं हा मी या कामातला सर्वांत गंभीर गुन्हा समजते. शेजारी नौदलाच्या विमानांवर हयात घालवलेले एक निवृत्त काका राहतात, त्यांच्यासमोर हा विषय काढला तर अजूनही त्यांचा आवाज चढतो. "अगं, दिवा खोटा लागण्यापेक्षा न लागलेला बरा!"

हा सांधा डोळ्यांनी बघायचा असेल तर बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जा. १९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात फ्रेंच बनावटीचं आलिझे उभं आहे. त्याच्या पंखांना पुढे आलेले फुगीर कप्पे आहेत, मुख्य चाकं त्यांत जातात. खाली वाकून पायाला जोडलेले दुवे पाहा. आकार मोठा, पण तत्त्व तेच.

जॅकवर सगळं नीट चालतं आणि हवेत पुढचं चाक अर्ध्यावर अडतं, अशीही तक्रार येते. पुढचं चाक मागे दुमडणारं असेल तर बाहेर येताना त्याला वाऱ्याच्या विरुद्ध ढकलत यावं लागतं. त्यासाठी तिथे गॅस स्प्रिंग असतो, आणि त्यातला गॅस वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो. हँगरमध्ये वारा नाही, म्हणून दोष दिसत नाही. स्प्रिंगचा जोर ताणकाट्याने मोजून नकाशातल्या आकड्याशी ताडून पाहा, किंवा ठरलेल्या मुदतीने तो बदला. आणीबाणीची पद्धत याच स्प्रिंगच्या भरवशावर असते, त्यामुळे इथे काटकसर नको.

काम करताना : पाइप सोडण्याआधी ब्रेकर ओढून दाब मोकळा करा. डोळ्यांना चष्मा. बारीक गळती बोटाने कधीच शोधू नका, पुठ्ठा फिरवा. ७० बारची बारीक धार कातडीखाली तेल घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि ती तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते. जहाजावर आम्ही नव्या मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगतो.

हवेत बिघाड झाला तर दुरुस्ती करायची नसते. विमान उडवत राहायचं, इंधन किती आहे ते बघायचं, वेग ठरलेल्या मर्यादेखाली आणायचा आणि छापील यादीप्रमाणे आणीबाणीच्या व्हॉल्व्हने चाकं सोडायची. टॉवरजवळून नेलं तर खालचा माणूस चाक बाहेर आलंय एवढं सांगू शकतो; लॉक झालंय हे त्याला दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर भावाला मी सांगते ती परीक्षा अशी : जॅकवर नेहमीच्या पद्धतीने फेऱ्या, मग पंपाचा ब्रेकर ओढून निव्वळ आणीबाणीच्या व्हॉल्व्हने चाकं खाली, तिन्ही लॉक हाताने तपासलेले, मग चाकं वर ठेवून दाब किती वेळात किती उतरला ते गेजवर. हे आकडे तारखेसह वहीत लिहायचे. पुढच्या वेळी पंप मध्येच वाजला, की आधी ती वही उघडायची.